लंडनच्या उच्चभ्रू भागांतली चॅरिटी शॉप्स : खरेदी कशी करावी आणि पैसा कुठे जातो

थेम्सकाठी :

लंडनला नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून सप्टेंबर उजाडला की एकच विचारणा होते : हिवाळ्यासाठी चांगला लोकरी कोट कुठे घ्यावा? बहुतेक जण मोठ्या दुकानांच्या सेलची नावे सुचवतात. माझे उत्तर मात्र ठरलेले आहे. चेल्सी, केन्सिंग्टन, नॉटिंग हिल, हॅम्पस्टेड किंवा रिचमंड यांपैकी कुठल्याही भागातल्या चॅरिटी शॉपमध्ये जावे, घाई करू नये आणि कोट उलटा करून आतून पाहावा. याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे मनात होते, म्हणून हा धागा काढत आहे.

लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून त्या पैशावर संस्थेचे काम चालवायचे, ही पद्धत ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचवण्यात ऑक्सफॅमचा वाटा मोठा आहे. नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमध्ये लोक भुकेने मरत असताना तिथे अन्न पोहोचावे म्हणून १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये एक समिती स्थापन झाली आणि तिचेच पुढे ऑक्सफॅम झाले. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरची १७ क्रमांकाची जागा या समितीने १९४७ च्या अखेरीस घेतली आणि तिथे तिचे पहिले कायमस्वरूपी दुकान सुरू झाले. आज देशभरात निरनिराळ्या संस्थांची मिळून अशी सुमारे दहा हजार दुकाने आहेत. त्यांतली बहुसंख्य साधी असतात. काही मोजकी मात्र अशी आहेत की आत शिरल्यावर आपण एखाद्या महागड्या बुटीकमध्ये आलो आहोत असेच वाटावे. चेल्सीत ओल्ड चर्च स्ट्रीटवर असलेले ब्रिटिश रेडक्रॉसचे दुकान नामांकित डिझायनरांच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने किरकोळ विक्रीच्या जाणकार मेरी पोर्टास यांच्या मदतीने २००९ साली एडिंबरात एक देखणे दुकान काढले आणि पुढे त्याच धर्तीची दुकाने लंडनच्या सुखवस्तू उपनगरांतही निघाली. रोमानियातल्या मुलांसाठी काम करणारी 'फारा' आणि १८९१ पासून मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारे रॉयल ट्रिनिटी हॉस्पिस यांची दुकानेही याच पंक्तीतली आहेत.

या दुकानांत माल चांगला का असतो, याचे उत्तर अगदी सरळ आहे. दान देणारे बहुतेक लोक त्याच भागात राहतात आणि पिशवी घरापासून जवळच्या दुकानात आणून देतात. ज्या गल्लीत लोक दर हंगामाला नवा कोट घेतात, त्या गल्लीतल्या दुकानात गेल्या हंगामातला कोट येतो. कित्येकदा एखाद्या घरातले वृद्ध गृहस्थ वारल्यावर मुले त्यांचे अख्खे कपाटच पोहोचते करतात आणि मग दुकानात एकाच मापाचे, एकाच शिंप्याने शिवलेले सूट ओळीने टांगलेले दिसतात. असा माल मिळणे नशिबावर अवलंबून असते, परंतु तो ओळखता येणे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे.

म्हणूनच माझे पहिले आणि शेवटचे सांगणे असे, की लेबल वाचण्याआधी कापड वाचावे. कोट हातात घेतला की मी आधी अस्तर पाहते. अस्तराला पाठीच्या मध्यभागी एक सैल चुणी ठेवलेली असेल, तर शिवणाऱ्याने हात पुढे नेल्यावर पाठीवर पडणाऱ्या ताणाचा विचार केला आहे असे समजावे. मग खालची दुमड पाहावी. आत दोन-तीन बोटे कापड सोडलेले असेल तर कोट गरजेप्रमाणे लांब करता येतो. घाऊक शिलाईच्या स्वस्त कोटात एवढे कापड कोणी सोडत नाही. बटण कापडाला अगदी चिकटून न बसता दोऱ्याच्या छोट्याशा देठावर उभे असावे. काजांच्या कडेचा दोरा दाट असावा. चौकटींच्या कापडाचा कोट असेल तर खिशाच्या झडपेवरची चौकट अंगावरच्या चौकटीशी जुळते का, हे जरूर पाहावे, कारण ती जुळवायला कापड जास्त लागते आणि वेळही जास्त लागतो. एवढे सगळे ठीक असेल तर गळ्याशी कुणाचेही नाव असो, कोट चांगला आहे.

यानंतर दोष शोधावेत. कोट उजेडासमोर धरला की कसरीने पाडलेली बारीक भोके चटकन दिसतात. काखेतले कापड विरले आहे का, कॉलरच्या घडीवर मळाची तेलकट रेघ आहे का, कोपराला चकाकी आली आहे का, हे हात फिरवून पाहावे. चकाकी आणि विरलेली काख यांवर इलाज नाही. उसवलेले अस्तर, तुटलेले बटण, सैल झालेला हुक हे मात्र सुईदोऱ्याचे काम आहे आणि अशा कोटाची किंमतही बहुधा कमी लावलेली असते. कसरीची शंका आली तर लोकरीचा कपडा घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता तो सावकाश नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावा. डांबराच्या गोळ्यांचा वास वर्षभर कपड्याला बिलगून राहतो, त्यापेक्षा हा उपाय कितीतरी बरा.

हॅरिस ट्वीडचा कोट दिसला तर त्याच्या आतल्या लेबलावर गोल आणि त्यावर क्रॉस असे चिन्ह आहे का ते पाहावे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर, तिथल्या रहिवाशांनी स्वतःच्या घरी हातमागावर विणलेल्या लोकरी कापडालाच हे नाव लावता येते आणि १९९३ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे. असा कोट नवा घ्यायचा तर मोठी रक्कम मोजावी लागते, आणि तो मुळातच पिढ्यान्पिढ्या टिकावा अशा बेताने विणलेला असतो.

एक विनंती आवर्जून करते. इथे घासाघीस करू नये. भाव करण्याची सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे आणि बाजारात ती योग्यही आहे. परंतु इथे आपण सोडवून घेतलेले पाच पौंड कुठल्या व्यापाऱ्याच्या नफ्यातून जात नाहीत, ते एखाद्या रुग्णाच्या किंवा मुलाच्या वाट्यातून जातात. किंमत पटली नाही तर वस्तू परत रॅकवर लावून ठेवावी.

ऊबदार :

लेख अत्यंत उपयुक्त आहे, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. घरी सासूबाई आल्या आहेत आणि दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले कपडे आपण घालायचे, हे त्यांच्या मनाला पटत नाही. कपडा कोणाचा होता, घरात काय झाले होते, हे माहीत नसताना तो अंगावर कसा घ्यायचा, असे त्या विचारतात. त्यांचा अनादर न करता त्यांना काय सांगावे? शिवाय स्वच्छतेचे काय?

थेम्सकाठी :

ऊबदार, सासूबाईंची भावना मी समजू शकते. माझ्या आईचेही सुरुवातीला असेच म्हणणे होते. तिला पटले ते तिच्याच एका सवयीमुळे. आपल्याकडे बाळ जन्माला आले की त्याला नवे, कडक कपडे घालत नाहीत. घरातल्या मोठ्यांच्या धुऊन-धुऊन मऊ झालेल्या सुती धोतराची किंवा लुगड्याची दुपटी आणि घरातल्याच आधीच्या बाळाची झबली वापरतात. गोधडी तर जुन्या लुगड्यांचीच व्हायची. वापरलेल्या कापडाचे वावडे आपल्या घरांत कधीच नव्हते. अडचण आहे ती परक्या माणसाच्या कपड्याची. त्यावर सासूबाईंना दुकानातच घेऊन जाणे हा उत्तम उपाय. स्वच्छ, इस्त्री केलेले, हँगरला नीट लावलेले कपडे पाहिले की अर्धी शंका तिथेच फिटते. तरीही नको वाटले तर चिनी मातीची भांडी, पुस्तके, चांदीचे चमचे यांपासून सुरुवात करावी. चांदीच्या चमच्यामागे चालत्या सिंहाचा छाप असेल तर ती इंग्लंडमध्ये तपासलेली स्टर्लिंग चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध, असते, आणि सोबत बिबट्याचे मुंडके असेल तर ती तपासणी लंडनला झालेली असते.

स्वच्छतेबद्दल सांगायचे तर सुती कपडा घरी आणून गरम पाण्यात धुवावा आणि कोट ड्रायक्लीनिंगला द्यावा. खरेदीचा हिशोब करताना हा खर्च आधीच धरावा, कारण लंडनमध्ये कोट धुऊन घेणे स्वस्त नाही.

सुईदोरा :

मी दक्षिण लंडनमधल्या एका हॉस्पिसच्या दुकानात आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून काम करते, त्यामुळे मागच्या खोलीत काय चालते ते सांगू शकते.

पिशव्या आल्या की आम्ही हातमोजे घालून एकेक वस्तू बाहेर काढतो. डाग, भोक, वास, तुटलेली चेन यांपैकी काही आढळले तर ती वस्तू बाजूला जाते. उरलेले कपडे वाफेच्या इस्त्रीखालून जातात आणि मग व्यवस्थापक किंमत ठरवतात. साध्या कपड्यांचे दर ठरलेले असतात. मोठ्या नावाची वस्तू असेल तर ती इंटरनेटवर वापरलेल्या स्थितीत कितीला जाते ते पाहून किंमत लावतात. हँडबॅगांच्या अस्सलपणाबद्दल शंका आली तर त्या विकायला ठेवतच नाहीत, कारण नकली माल विकणे हा गुन्हा आहे आणि संस्थेची अब्रू त्यात जाते. सोफा किंवा गादीवर आगप्रतिबंधाचे कायमचे लेबल नसेल, तर ती कितीही सुंदर असली तरी आम्हाला नाकारावी लागते. लोकांना याचे वाईट वाटते, पण १९८८ च्या नियमांपुढे आमचा नाइलाज असतो.

किमतीच्या चिठ्ठीवर कित्येकदा एक बारकोड असतो, त्याचा अर्थ बहुतेक ग्राहकांना माहीत नसतो. दान देणारी व्यक्ती इथे प्राप्तिकर भरत असेल आणि तिने 'गिफ्ट एड'चा अर्ज भरून दिला असेल, तर तिच्या वस्तूंना तिच्या नावाचा बारकोड लागतो. कायद्याच्या दृष्टीने आम्ही ती वस्तू तिच्या वतीने विकतो आणि विक्रीचे पैसे तिने संस्थेला दिले असे धरले जाते. त्यामुळे दर पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून संस्थेला जादा मिळतात. तुम्ही ४० पौंडांचा कोट घेतलात तर संस्थेकडे ५० पौंड येतात. वर्षातून एकदा त्या व्यक्तीला तिच्या वस्तू कितीला गेल्या याचे पत्र जाते. याशिवाय दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅटचा दर शून्य आहे आणि दुकानाच्या जागेवरच्या स्थानिक करात ८० टक्के सूट मिळते. चेल्सीसारख्या भागात, जिथे भाडे भल्याभल्या व्यापाऱ्यांना परवडत नाही, तिथे ही दुकाने टिकून राहतात त्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण म्हणजे आमच्यासारखे बिनपगारी हात.

खरेदीसाठी एक गोष्ट सांगते. मालाची अदलाबदल सतत चालू असते. काही आठवड्यांत वस्तू गेली नाही तर तिची किंमत कमी होते किंवा ती संस्थेच्या दुसऱ्या शाखेत जाते. आवडलेली वस्तू 'पुढच्या वेळी घेऊ' म्हणून सोडली तर ती पुन्हा दिसेलच अशी खात्री नसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी आलात तर शनिवार-रविवारी लोकांनी आणून दिलेला माल नुकताच बाहेर लावलेला असतो आणि गर्दीही नसते.

कृष्णाकाठ :

मूळ लेखाशी बव्हंशी सहमत असूनही एक आक्षेप नोंदवतो. मी विद्यार्थी म्हणून इथे आलो तेव्हा माझी थाळी-वाटी, रजाई, टेबललॅम्प, सगळे काही चॅरिटी शॉपमधूनच आले, आणि ते परवडले म्हणून आले. आता त्याच पेठेतल्या दुकानांना सुंदर रंग लागला आहे, काचेत पुतळे उभे राहिले आहेत आणि साध्या साखळी दुकानात १५ पौंडांना नवा मिळणारा शर्ट वापरलेल्या स्थितीत १० पौंडांना लावलेला दिसतो. चांगला माल वेगळा काढून श्रीमंत वस्तीतल्या शाखेत किंवा ऑनलाइन विक्रीला पाठवला जातो आणि गरीब वस्तीतल्या शाखेत उरलेसुरले येते. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्या हातून ही दुकाने निसटत चालली आहेत, याचाही विचार व्हायला हवा.

थेम्सकाठी :

कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या मते चॅरिटी शॉपचे पहिले उत्तरदायित्व ज्यांच्यासाठी पैसा गोळा होतो त्यांच्याकडे आहे. हॉस्पिसमधल्या खाटेवर असलेल्या माणसाला त्याच्या दुकानातला रेशमी झगा ८ पौंडांना गेला की ८० ना गेला याने निश्चित फरक पडतो. तो झगा ८ पौंडांना लावला असता तर तो गरजू बाईच्या अंगावर गेला असता असेही नाही. सकाळी दार उघडताच एखाद्या पुनर्विक्रेत्याने तो उचलून संध्याकाळी स्वतःच्या नफ्यासाठी ऑनलाइन लावला असता. त्यामुळे उंची वस्तूला उंची किंमत लावण्यात मला काहीच गैर दिसत नाही, उलट तसे न करणे हा दान देणाऱ्याचा विश्वासघात आहे.

परंतु रोजच्या गरजेच्या वस्तूंना हा न्याय लावू नये, हे तुमचे म्हणणे मला संपूर्ण मान्य आहे. मुलांचे शाळेचे गणवेश, थंडीचे जाकीट, पातेली, पांघरुणे यांच्या किमती कमीच असायला हव्यात. १५ पौंडांच्या शर्टाला १० पौंड लावणारे दुकान कापड न पाहता नुसते लेबल पाहते, असे मी म्हणेन. अशा शर्टाचा धागा तीन-चार धुण्यांत मान टाकतो. तो न घेता रॅकवरच राहू दिला तर किंमत आपोआप खाली येते.

हडसनपार :

न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. इथे या प्रकारचे सर्वांत ठळक नाव 'हाउसिंग वर्क्स' हे आहे. एड्सच्या साथीच्या काळात, १९९० साली, आजारी आणि बेघर लोकांना निवारा मिळवून देण्यासाठी ही संस्था स्थापन झाली आणि तिची दुकाने फर्निचर, कपडे व पुस्तकांसाठी नावाजलेली आहेत. अमेरिकेत गिफ्ट एडसारखी पद्धत नाही. इथे दान देणारी व्यक्ती प्राप्तिकराचे तपशीलवार विवरण भरत असेल तर तिला वस्तूच्या बाजारभावाइतकी वजावट मागता येते, म्हणून पावती जरूर घ्यावी.

पेठकर :

धागा वाचून कुतूहल वाटले. पुण्यात जुन्या कपड्यांवर स्टीलचे पातेले देणारी बोहारीण दारावर यायची. आता आमच्या सोसायटीत तिला आत सोडत नाहीत. सुईदोरा, तुमच्या दुकानात जे कपडे विकले जात नाहीत, त्यांचे पुढे काय होते? तिथेही कोणी बोहारीण असते का?

सुईदोरा :

पेठकर, फार चांगला प्रश्न विचारलात, कारण खरेदीच्या उत्साहात ही बाजू नजरेआड होते.

जे विकले जात नाही ते चिंध्यांचे व्यापारी वजनावर घेऊन जातात. ऑक्सफॅमने त्यासाठी १९७४ पासून यॉर्कशरमध्ये 'वेस्टसेव्हर' नावाचे स्वतःचे केंद्र चालवले आहे. ते सध्या बॅटली या गावात आहे. याच बॅटलीत १८१३ च्या सुमारास जुनी लोकर पिंजून तिचे पुन्हा सूत काढण्याचा उद्योग सुरू झाला होता. आज त्या उद्योगाची मोठी पेठ हरियाणात, पानिपतला आहे. थंड देशांतले जुने लोकरी कोट आणि स्वेटर तिथे येतात, रंगांप्रमाणे वेगळे केले जातात, बटणे-चेन कापून काढतात आणि त्यांच्या सुताची स्वस्त कांबळी होतात. भूकंप-पुरानंतर मदत म्हणून वाटली जाणारी कांबळी पुष्कळदा पानिपतचीच असतात.

घालण्याजोगा माल आफ्रिका आणि पूर्व युरोपकडे जातो. घानाची राजधानी अक्रा इथल्या कांतामांतो बाजारात त्यावर हजारो लोकांचे पोट आहे. व्यापारी बाई गासडी फोडून पाहण्यापूर्वीच तिचे पैसे मोजते. आत फाटके निघाले तर नुकसान तिचे, आणि न विकलेला कचरा तिच्या शहराच्या गटारांत आणि किनाऱ्यावर साचतो. २०२५ च्या जानेवारीत त्या बाजाराला मोठी आग लागली आणि असंख्य दुकाने जळाली. म्हणून मी दान देणाऱ्यांना कळकळीने सांगते, की मैत्रिणीला द्यायला संकोच वाटेल असा कपडा आमच्या पिशवीत घालू नका.

भारतात कपडे द्यायचे असतील तर 'गूंज'चे काम पाहा. अंशु गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत ही संस्था सुरू केली आणि २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे व संसारोपयोगी वस्तू मिळवतात, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

ऊबदार :

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना चांदीच्या चमच्यांबद्दल वाचून दाखवले, त्यांना उत्सुकता वाटली आहे. आता एक उलटा प्रश्न. माझ्याकडे दोन पैठण्या आहेत ज्या आता नेसल्या जात नाहीत. त्या इथल्या चांगल्या दुकानात द्याव्यात असे वाटते, परंतु त्यांची किंमत तिथे कोणाला कळेल का? मागे एका दुकानात मी रेशमी साडी 'पडद्याचे कापड' म्हणून ५ पौंडांना लावलेली पाहिली आणि फार वाईट वाटले.

सुईदोरा :

कळावी अशी व्यवस्था तुम्हीच करून द्या. एक छोटी इंग्रजी चिठ्ठी लिहून साडीला सेफ्टीपिनने न टोचता दोऱ्याने बांधा. त्यात साडीची लांबी, रेशमी आहे की सुती, जरीकाम कसे आहे, कोणत्या गावची आणि साधारण कोणत्या वर्षी घेतलेली, एवढे लिहा. तुमची पैठणी हातमागाची असेल तर पदर उलटा करून त्याचा फोटो सोबत ठेवा. हातमागाच्या पदरावरचे मोर आणि वेली उलट्या बाजूनेही सुलट बाजूसारख्याच स्वच्छ दिसतात, मागे लोंबणारे धागे नसतात. यंत्रमागाच्या नकलेत ते दिसतात किंवा कापलेले असतात. एवढा एक पुरावा पाहिला की कोणताही जाणता व्यवस्थापक किंमत नीट लावतो.

बंद दारासमोर रात्री पिशवी ठेवून जाऊ नका, पावसाने रेशीम वाया जाते. आधी फोन करून व्यवस्थापकांची वेळ घ्या आणि साड्या त्यांच्या हातात द्या. तुम्ही इथे कर भरत असाल तर गिफ्ट एडचा अर्जही त्याच वेळी भरून टाका, म्हणजे पैठण्या कितीला गेल्या ते तुम्हाला पत्राने कळेल.